बुचाच्या झाडांचं गाव: पोर्तुगालच्या दक्षिणेत एक दिवस

परसदार

बुचाचं झाड म्हटलं की मला पुण्यातली शाळेची वाट आठवते. दिवाळीच्या आसपास सकाळी रस्त्यावर लांब देठांच्या पांढऱ्या फुलांचा सडा असायचा. ती वेचायची, दोरा न घेता देठात देठ गुंफून वेणी करायची आणि बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवायची. त्यामुळे पोर्तुगालमधल्या फारो शहराहून निघालेल्या व्हॅनमध्ये आमच्या गाइड बाईंनी "आता बुचाची झाडं सुरू होतील" म्हणून सांगितलं, तेव्हा मी आणि आई दोघी फुलं शोधायला लागलो. फुलं कसली! ठेंगणे, वेडेवाकडे ओक होते आणि फांद्या फुटतात तिथपासून जमिनीपर्यंत त्यांची खोडं लालसर, उघडी. आई म्हणाली, "अगं बाई, सोललीत की यांना!"

बाटलीचं बूच होतं ते या ओकाच्या सालीचं. तर हा धागा त्या दिवसाबद्दल.

आई मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, तीन महिने आमच्याकडे डब्लिनला होती. ऑक्टोबरात पावसाला कंटाळलो म्हणून चार दिवस ऊन खायला आल्गार्वेला गेलो. किनाऱ्यावर जायला आईची तयारी नव्हती ("गुहागरच्या माणसाला समुद्र काय दाखवतेस?"), म्हणून डोंगराकडच्या खेड्यांची दिवसभराची सहल घेतली. आठ जणांची व्हॅन, गाइड तिथल्याच, वडील जन्मभर बूच सोलायचं काम केलेले.

आधीच एक रड. सहलीच्या जाहिरातीत कुऱ्हाड घेतलेल्या माणसांचे फोटो होते, पण सोलणी चालते मे ते ऑगस्ट. ऑक्टोबरात रानात चिटपाखरू नव्हतं. चूक माझी, विचारायला हवं होतं. तुम्ही विचारा.

आम्ही गेलो ते गाव साँव ब्राश द अल्पोर्तेल, फारोपासून अर्ध्या तासावर. गंमत अशी की खुद्द गावात बुचाचं रान नाही. गाव चुनखडीच्या पट्ट्याच्या काठावर आहे आणि या ओकाला चुनखडी अजिबात सोसत नाही. गावामागे सेरा दु काल्देराँव नावाचे डोंगर सुरू होतात, तिथे माती बदलते, खडक पाटीसारखा पापुद्र्यांचा होतो आणि लगेच ही झाडं दिसायला लागतात. म्हणजे झाडं डोंगरात आणि पैसा गावात. मधल्या वाटेवर खेचरं.

प्रत्येक खोडावर पांढऱ्या रंगात एकच आकडा होता. ४, ७, ०, २. मला वाटलं शिरगणती असेल. तर तो सोललेल्या वर्षाचा शेवटचा आकडा. ४ म्हणजे २०२४. कायद्याने दोन सोलण्यांत किमान ९ वर्षं जावी लागतात, म्हणजे त्या झाडाला २०३३ पर्यंत कुणी हात लावायचा नाही. आईने लगेच हिशोब केला, "तेव्हा मी सत्त्याहत्तर." मग मला कळलं की बरोब्बर नऊ वर्षांनी सोलत गेलं तर झाडावरचा आकडा दर खेपेला एकाने उतरतो. ४ जाऊन ३ येतो, मग २. मला हे फारच आवडलं. गाइड बाईंना सांगितलं तर त्या नुसत्या हसल्या. त्यांना लहानपणापासून माहीत असणार.

आता खरी मेख. झाड लावल्यावर पहिली साल निघायला साधारण २५ वर्षं लागतात. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर ७० सेंटिमीटर झाल्याशिवाय सोलायला परवानगीच नाही. आणि ती पहिली साल इतकी खडबडीत असते की बाटलीच्या बुचाला चालत नाही. नऊ वर्षांनी दुसरी, तीही नाही चालत. तिसऱ्या खेपेला जी गुळगुळीत साल येते तिला 'आमादीया' म्हणतात, तीच बाटलीच्या तोंडाला लायक. म्हणजे पंचवीस अधिक नऊ अधिक नऊ, त्रेचाळीस वर्षं! आमच्याकडे आजोबा फणस लावतात तो नातवाला मिळतो म्हणतात, पण फणस बिचारा सात-आठ वर्षांत फळ देऊन मोकळा होतो.

सोलणी बघायला मिळाली नाही तरी गाइड बाईंनी वडिलांची कुऱ्हाड आणली होती. तिच्या दांड्याचं टोक पाचरीसारखं तासलेलं असतं. पात्याने उभी चीर पाडायची, पातं किंचित पिळायचं, साल सुटली की दांड्याची पाचर आत घालून उचकटायची. साल सुटली का हे कानाला कळतं, सुटलेल्या सालीवर घाव पोकळ वाजतो. घाव जरा खोल गेला तर आतला जिवंत थर कापला जातो आणि तिथे पुन्हा धड बूच येत नाही. यंत्रं आली आहेत, पण काम अजून बहुतेक हातानेच होतं, दोन माणसं एका झाडाला. शेतकामात सगळ्यात जास्त मजुरी याच कामाला मिळते म्हणे, तरी नवी पोरं येत नाहीत. बाईंचा भाऊ लिस्बनला बस चालवतो.

नंतर एका कुटुंबाच्या छोट्या कारखान्यात गेलो. आवारात सालींच्या थप्प्या, घराएवढ्या उंच. साली तासभर पाण्यात उकळतात, त्यामुळे त्या फुगतात, मऊ होतात आणि सपाट बसतात. मग सुकवून प्रत लावायची, पट्ट्या कापायच्या आणि पोकळ नळीच्या यंत्राने एकेक बूच पाडायचं. एक बाई पायाने यंत्र चालवत होत्या आणि बूच पाडायची जागा डोळ्यांनी ठरवत होत्या, भोकं-किडकी जागा टाळून. वाटीने पुऱ्या पाडल्यावर पारीची जाळी उरते ना, हुबेहूब तशी पट्टी उरते. आई म्हणाली, "उरलेल्या पारीचा परत गोळा करत असतील." करतात! तिचा चुरा होतो आणि त्याच्या फरशा, चपलांचे तळवे, भिंतींचे तावे बनतात. वाया काही जात नाही.

जेवणाच्या आधी एका वाडीत थांबलो. चार घरं चुन्याने रंगवलेली, दोन बंद. घरांच्या वरच्या अंगाला, वारा लागतो तिथे, दगड बसवलेलं गोल अंगण. गाइड बाई सांगायच्या आत आई म्हणाली, "हे खळं." बरोबर, मळणीचं खळं. त्याला 'ऐरा' म्हणतात. पुढे विहिरीवर लोखंडी रहाट, 'नोरा', अरबी अमलापासूनचा शब्द. डोळे बांधलेलं खेचर फिरायचं आणि पोहरे पाणी घेऊन वर यायचे. तिथे मात्र आईने गाइडला बाजूला सारलं. गुहागरच्या आगरात रेड्याच्या डोळ्यांना झापड का लावायची, पोहरे गळके का असले तर बरे, रहाटाचा आवाज थांबला की घरातून कोण ओरडायचं, असं सगळं तिने मराठी-इंग्रजीत त्या सात परक्या माणसांना सांगितलं. एक जर्मन आजोबा वहीत लिहून घेत होते.

संध्याकाळी गावातलं वेशभूषेचं संग्रहालय. ते एका बूच-व्यापाऱ्याच्या जुन्या वाड्यात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या गावात बुचाचा पैसा खेळत होता. १९१४ मध्ये गाव फारोपासून वेगळं होऊन स्वतंत्र नगरपालिका झाली. मग धंदा उत्तरेकडे, पोर्तोजवळ सरकला, कारण पोर्ट वाइनच्या बाटल्या तिकडे भरल्या जातात. साल अजून इथली, आणि चांगली समजली जाते. ती ट्रकमध्ये बसून वर जाते.

घाईत लिहिलंय, चुका असतील तर सांगा.

नदीकाठ

मस्त! रहाटाचं वाचून डोळ्यांपुढे आलं सगळं. फोटो टाक ना, निदान आकडेवाल्या झाडाचा तरी. आणि आईंच्या जेवणाचं काय केलंत? शाकाहारी आहेत ना?

टवाळखोर

म्हणजे आम्ही गल्लीत ज्या बॉलने काचा फोडल्या, शटलकॉकच्या ज्या बुडाला रॅकेट हाणली आणि शाळेच्या प्रयोगशाळेत जे बूच परीक्षानळीत अडकून बसलं, ते सगळं या झाडांच्या अंगावरून आलं होतं? नऊ वर्षं थांबून? माफी मागायला हवी.

परसदार

@नदीकाठ, दुपारी 'असोर्दा' मिळाला. शिळा पाव, लसूण, ऑलिव्ह तेल, गरम पाणी, वर अंडं. अंडं नको सांगितलं. आणि वर काय असेल तर मूठभर कोथिंबीर! दक्षिण पोर्तुगालात कोथिंबीर सढळ हाताने घालतात. आई खूश. गोडाला अंजीर-बदामाचे लाडूच म्हणा आणि खरनूब शेंगेच्या पिठाचा काळसर केक. केक आईला 'गुळाच्या सांजणीसारखा' वाटला, मला कोकोसारखा.

@टवाळखोर, क्रिकेटच्या बॉलच्या पोटात बूच असतं हे मला त्याच दिवशी कळलं. लाज वाटली.

शंकासुर

लेख छान, पण दोन गोष्टी खटकल्या. एक, जिवंत झाडाची कातडी काढायची आणि त्याला निसर्गस्नेही म्हणायचं, हे मला पटत नाही. दोन, असल्या सहली म्हणजे सजवलेलं खेडं. वडिलांची कुऱ्हाड, पायाने चालणारं यंत्र, चुन्याची घरं. खरा कारखाना उत्तरेत, हजारो बुचं मिनिटाला पाडत असेल. परदेशी पाहुण्यांसाठी लावलेलं प्रदर्शन आहे हे.

वडपिंपळ

पहिल्या मुद्द्याचं मी सांगतो, वनस्पतीशास्त्र शिकवायचो.

बूच म्हणजे मेलेल्या पेशी. पेशी मरताना तिच्या भिंतीत सुबेरिन नावाचा मेणचट पदार्थ भरतो, आत फक्त हवा उरते. पाणी आत जात नाही, वायू जात नाही, आग सहज लागत नाही. या ओकाचं शास्त्रीय नाव क्वेर्कस सुबेर, लॅटिनमध्ये सुबेर म्हणजे बूच. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाचाच पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि दिसलेल्या कप्प्यांना 'सेल' नाव दिलं. आपण नववीत घोकलेली पेशी ती हीच, रिकामी.

सालीखालचा जिवंत थर शाबूत राहिला की झाड नवी साल भरतं. उन्हाळ्यातच का सोलायचं, तर तेव्हा तो थर वाढीला लागलेला असतो आणि साल अलगद सुटते. इतर वेळी ओढाल तर आतलं मांस घेऊनच येईल. झाडाला ताण अजिबात पडत नाही असं नाही. पण दीडशे-दोनशे वर्षं जगून पंधरा-सोळा वेळा सोललं जाणारं झाड फार दुखावलेलं नसावं.

आणखी एक. ही साल म्हणजे मुळात वणव्याविरुद्धचं चिलखत. भूमध्य सागराकाठी वणवा ठरलेला. बाकीचं रान जळून जातं आणि हा ओक फांद्यांवरून पुन्हा पालवतो. फक्त नुकताच सोललेला असेल तर मात्र गेला. काल्देराँवच्या डोंगरात २०१२ च्या जुलैत मोठा वणवा झाला होता, बरोबर सोलणीच्या दिवसांत.

आपलं पुण्यातलं बुचाचं झाड म्हणजे आकाशनीम, गगनजाई. हे मूळचं ब्रह्मदेशाकडचं. याचीही साल भेगाळ आणि बुचासारखी, पूर्वी हलक्या प्रतीचं बूच म्हणून वापरत, त्यावरून नाव पडलं. ओकाशी नातं काही नाही.

गोंयचो पाव

'बूच' शब्दावर येतोच. पोर्तुगीजमध्ये 'बुशा' म्हणजे भोकात कोंबायचा बोळा, गुडदी. आपला बूच त्यावरून आला असं मानतात. पगार, चावी, बादली, घमेलं, तसाच हाही. असे शब्द गोमंतकीय पंडित दालगादो यांनी १९१३ मध्ये एका मोठ्या ग्रंथात गोळा केले आहेत. म्हणजे शब्द पोर्तुगालहून आला, आपण तो ब्रह्मदेशी झाडाला चिकटवला आणि परसदार ताई तो घेऊन परत पोर्तुगालात फुलं शोधत गेल्या. 😄 तिथे मात्र बाटलीच्या बुचाला 'रोल्या' म्हणतात, बुशा म्हणालात तर हसतील.

ताई, मेद्रोन्यु चाखली का? त्याच डोंगरात होते. आमच्या भाटीवरच्या काजूच्या फेणीची लांबची बहीण.

परसदार

चाखली! आईसमोर, अंगठ्याएवढ्या पेल्यात. घसा जळाला. मेद्रोन्युचं झाड तर अजबच आहे. ऑक्टोबरात त्याच्यावर लाल फळं आणि पांढरी फुलं एकाच वेळी होती. आताची फळं गेल्या वर्षीच्या फुलांची. फळं आंबवून ठेवतात आणि थंडीत तांब्याच्या भांड्यातून गाळतात.

@शंकासुर, तुमचा दुसरा मुद्दा मला तिथेच टोचत होता, खोटं कशाला बोलू? कारखान्यातल्या बाईंनी आम्ही आल्यावर यंत्र सुरू केलं हे मी बघितलं. पण ते प्रदर्शनाचं यंत्र नव्हतं. सगळ्यात चांगल्या सालीची बुचं अजूनही माणूस नजरेने जागा बघून पाडतो असं त्या म्हणाल्या, आणि शेजारच्या पोत्यात माल भरलेला होता. बंद घरं मात्र सजवलेली नव्हती. एका घराच्या दारावर पत्राची पेटी होती, तिच्यातून वेल बाहेर आला होता. गाइड बाईंना मी विचारलं, ही सहल नसती तर तुम्ही काय केलं असतं? "भावासारखी बस चालवली असती."

उतारा

वाइनवाला म्हणून मध्ये पडतो. बुचाचं हे कौतुक ठीक आहे, पण बुचामुळे वाइन नासते हेही लिहा की. सालीत टीसीए नावाचं रसायन तयार होतं, त्याने वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा, दमट तळघराचा वास येतो. म्हणून तर ऑस्ट्रेलियात क्लेअर व्हॅलीवाल्यांनी २००० मध्ये रीस्लिंग या पांढऱ्या वाइनला फिरकीची झाकणं लावली आणि मग न्यूझीलंड त्यांच्या मागे गेलं. नाशिकच्या बाटल्यांवरही फिरकीचं झाकण सर्रास दिसतं. स्वस्त, सोपं, ओपनर नको. त्रेचाळीस वर्षं थांबायचं कशाला?

वडपिंपळ

थांबायचं कारण सांगतो. फिरकीचं झाकण लागलं म्हणून बूच विकलं गेलं नाही, तर हे रान कुणी राखणार नाही. तिथे निलगिरी लागेल, आणि निलगिरी कशी पेटते ते पोर्तुगालने भोगलंय. रान उभं आहे ते त्याला गिऱ्हाईक आहे म्हणून.

उतारा

म्हणजे मी झाडांसाठी नासकी वाइन प्यायची?

वडपिंपळ

दर खेपेला नासत नाही हो. हल्ली धुऊन, तपासून पुष्कळ कमी केलंय त्यांनी.

यंत्रमानव

बुचाची करामत मुळात यांत्रिक आहे. वाइनचं नेहमीचं बूच २४ मिलिमीटर जाडीचं असतं आणि बाटलीचा गळा आतून साडेअठरा. दाबून आत घातलं की ते गळाभर फुलून बसतं. आता रबर एका बाजूने दाबलं की दुसऱ्या बाजूने फुगतं. बूच फुगत नाही जवळजवळ, म्हणून ते ढकलून आत घालता येतं आणि ओढून काढता येतं.

आणि परसदार, पट्टीतून बूच आडवं का पाडतात ते बघितलंत का? सालीत आतून बाहेर जाणारी श्वासाची छिद्रं असतात, तपकिरी रेघा दिसतात त्या. बूच सालीच्या जाडीच्या दिशेने पाडलं तर ती छिद्रं बाटलीच्या आतून थेट बाहेर उघडतील आणि वाइन गळेल. म्हणून खोडाच्या उंचीच्या दिशेने पाडतात. त्यासाठी सालीची जाडी बुचाच्या व्यासापेक्षा जास्त हवी. तेवढी जाडी यायला नऊ वर्षं लागतात. तुमच्या आकड्यांचं कोडं इथे सुटतं.

परसदार

अरे वा! मला वाटलं नऊ हा कायद्याचा आकडा. तो बाटलीच्या गळ्यातून आला होय!

शंकासुर

झाडाच्या मुद्द्यावर माघार. पण शेतकऱ्याचं काय? नऊ वर्षांतून एकदा पैसे, मधली आठ वर्षं काय खायचं?

तेजू नदीकाठी

लिस्बनला राहते म्हणून उत्तर देते. मोठा जमीनदार रानाचे तुकडे पाडतो आणि दर वर्षी एक तुकडा सोलतो. हे मोठं रान आल्गार्वेच्या वर, आलेंतेजु प्रांतात. तिथे झाडांखाली मेंढ्या, आणि ओकफळांवर पोसलेली काळी डुकरं. आल्गार्वेच्या डोंगरात मात्र जमिनी छोट्या. एखाद्याकडे वीसच झाडं. तो त्यांच्यावर जगत नाही, मुलीचं लग्न, घराचं छप्पर अशा मोठ्या खर्चाला ती झाडं असतात. बूच आजही 'आरोबा'च्या मापात विकतात, एक आरोबा म्हणजे १५ किलो.

झाड स्वतःच्या रानातलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. २०११ मध्ये संसदेने याला राष्ट्रीय वृक्ष केलं. जगातलं साधारण अर्धं बूच पोर्तुगालचं.

लिस्बनहून कुणी येणार असेल तर आल्गार्वेपर्यंत जायची गरज नाही. आगुआश द मोरा गावात 'शिट्टी वाजवणारा' नावाचा जुना ओक आहे, १७८३ मध्ये लावलेला. पक्षी इतके बसतात की झाडच शीळ घालतंय असं वाटतं. १९९१ मध्ये त्याच्या एकट्याच्या अंगावरून १२०० किलो साल निघाली होती, एक लाखाहून जास्त बुचं. २०१८ मध्ये तो युरोपचा 'वर्षाचा वृक्ष' झाला.

नदीकाठ

वीस झाडं आणि मुलीचं लग्न! आमच्या आजीच्या माडांचा हिशोब असाच होता.
आम्ही पुढच्या वर्षी येतोय, मुलांच्या सुट्ट्या मेपासून. मे अखेर की जुलै?

तेजू नदीकाठी

जून. मे अखेरीला कधी कधी साल सुटायला लागलेली नसते, पाऊस-पाण्यावर असतं. जुलैत आतल्या डोंगरात ऊन सोसवत नाही, सोलणारे पहाटे सुरू करून दुपारी थांबतात. सहल ठरवताना एकच विचारा, 'त्या दिवशी सोलणी चालू असेल का?' गोलमाल उत्तर आलं तर समजून जा. आणि लांब बाह्या, टोपी.

टवाळखोर

आणि आईंना घेऊन जा. गाइडचे पैसे वाचतील.

परसदार

आईला वाचून दाखवलं सगळं, व्हिडिओ कॉलवर. ती परत गेली तेव्हा कारखान्यातून सालीचा हातभर तुकडा मागून घेऊन गेली होती, विमानतळावर बॅग उघडायला लावली तरी सोडला नाही. मला वाटलं शोकेसमध्ये ठेवला असेल. तर तिने त्याचे चार काप करून शिलाई मशीनच्या पायांखाली घातलेत, आता धडधड ऐकू येत नाही म्हणे. मी म्हटलं, आई, ते आमादीया होतं गं, त्रेचाळीस वर्षांचं! तर म्हणाली, "मशीन बावन्न वर्षांचं आहे."

@नदीकाठ, फोटो रात्री टाकते.